कारखान्यात बोटं गेली, शेठ म्हणतो सही कर : त्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी रमजानच्या चार दिवस आधीची गोष्ट. शाळा सुटली होती. स्टाफरूमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मोठा मुलगा दहावीपर्यंत आमच्याकडेच शिकलेला. हातात पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर होता. म्हणाल्या, "सर, हे मराठीत लिहिलंय. जरा वाचून सांगा, काय आहे ते."

घरात उर्दू बोलणाऱ्या आणि सरकारी कागद मराठीत येणाऱ्या वस्तीत शिक्षकाला असं काम अधूनमधून येतंच. रेशन कार्ड, बँकेची नोटीस, कधी निकाहनाम्याची नोंद. हा कागद वेगळा होता. त्यात लिहिलं होतं की, मी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मशीनवर जखमी झालो, मालकांनी माणुसकीच्या नात्याने दवाखान्याचा सगळा खर्च केला, मला ४०,००० रुपये रोख मिळाले, यापुढे माझी कोणतीही तक्रार किंवा मागणी राहणार नाही. खाली सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली.

मुलगा २२ वर्षांचा. पत्र्याचे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर कामाला, पगार महिना १४,००० रुपये. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळापासून गेली होती. आई म्हणाली, "शेठ वाईट माणूस नाही हो. स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं त्यांनी. ईदही तोंडावर आलीय. सही करू दे का?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हालाही नीट उत्तर माहीत नव्हतं. आम्ही बी.एड. केलंय, एलएल.बी. नाही. एवढंच म्हणालो की आज सही करू नका, दोन दिवस द्या. मग ओळखीच्या वकिलांना विचारलं, कायदा मिळवून वाचला, आणि लक्षात आलं की आपल्या वस्तीतल्या निम्म्या घरांना ज्याची कधी ना कधी गरज पडू शकते, ती माहिती आपल्याकडे कुणालाच नसते. मास्तरांनाही नसते. म्हणून हा लेख.

त्या कागदाची किंमत

आधी कागदाचंच सांगतो. कामावर झालेल्या अपघाताची नुकसानभरपाई हा आपल्याकडे १९२३ पासून कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या वर्षीचा कामगार नुकसानभरपाई कायदा २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. नाव बदललं, काही कलमांचे आकडे बदलले, हक्काचा सांगाडा तोच राहिला. त्या तारखेआधी झालेल्या अपघाताचा दावा जुन्या कायद्याप्रमाणे चालतो.

हा कायदा स्पष्ट सांगतो की, नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल आहे. स्टॅम्प पेपर पाचशेचा असो की पाच हजारांचा, नोटरीचा शिक्का असो, चार साक्षीदार असोत, "माझी काही मागणी नाही" या वाक्याने हक्क संपत नाही. मालक आणि कामगार यांच्यात तडजोड होऊ शकते, पण तिची नोंद नुकसानभरपाईच्या आयुक्तांकडे करावी लागते. (नव्या संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटलंय. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच पाहतात. पुढे आम्ही 'आयुक्त' एवढंच म्हणू.) रक्कम फार कमी आहे किंवा दबाव टाकून, फसवून सही घेतली आहे असं दिसलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. आणि नोंदच न केलेला करार असेल, तर मालकाला पूर्ण रक्कम द्यावीच लागते. आधी हातात ठेवलेल्या पैशांपैकी, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही.

म्हणजे ज्यांनी अशा कागदावर आधीच सही केली आहे, त्यांचाही रस्ता बंद झालेला नाही. अपघाताला दोन वर्षं उलटली नसतील तर उठा आणि कामाला लागा. दावा करायची मुदत साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांची आहे, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, पण त्या भरवशावर बसू नये.

"चूक तर त्याचीच होती"

हे वाक्य शेठ म्हणतो, मुकादम म्हणतो, आणि वाईट याचं वाटतं की घरचेही म्हणतात. "लक्ष नव्हतं त्याचं." "रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत बसतो." "नशिबात होतं." नशिबाचा विषय आम्ही इथे काढत नाही. पण कायदा विचारतो ते एवढंच, की अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का? झाला असेल तर मालक जबाबदार. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि कामगाराचं क्षणभर लक्ष गेलं म्हणून त्याचा हक्क जात नाही. दिवसातून हजार वेळा पॅडल दाबणाऱ्या माणसाचं लक्ष एकदा ढळणार, हे शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं.

मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी. कामगार दारू किंवा नशेत होता आणि त्यामुळेच अपघात झाला. सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट सूचना त्याने मुद्दाम मोडली. किंवा मशीनचा गार्ड मुद्दाम काढून टाकला. यातही 'मुद्दाम' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि ते मालकाला दाखवावं लागतं. गार्ड मालकानेच काढून ठेवला असेल, "गार्डमुळे माल कमी निघतो" म्हणून, तर ते कामगाराच्या माथी मारता येत नाही. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ही कारणंसुद्धा मालकाच्या कामी येत नाहीत.

दुसरा गैरसमज म्हणजे "मी तर रोजंदारीवर होतो, नाव कुठे लिहिलेलंच नाही." कच्चे कामगार वगळणारे शब्द २००० साली कायद्यातून काढले गेले. विजेवर मशीन चालणाऱ्या चार माणसांच्या वर्कशॉपलाही हा कायदा लागतो. लूमवर धोटा उडून डोळ्याला लागला, सायझिंगमध्ये वाफेने भाजलं, बांधकामावर परांचीवरून पडला, ट्रकवरचा क्लीनर माल उतरवताना दबला, हे सगळं त्यात येतं. ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसाला मूळ मालकाकडेही मागता येतं, जर काम मालकाच्याच धंद्याचं आणि त्याच्याच ताब्यातल्या जागेत असेल. मालकाने भरपाई द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. आज इथे उद्या तिथे असणाऱ्या ठेकेदाराच्या मागे कामगाराने फिरत बसायची गरज नाही.

कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताबद्दल मोठा घोळ होता. २००३ सालच्या एप्रिलमध्ये, आज ज्याला धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यात, साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं की, तो अजून कामावर पोहोचलाच नव्हता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २९ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघात झालेलाच मानायचा. नव्या संहितेतही हे लिहून ठेवलेलं आहे. पाळी सुटल्यावर मित्राकडे जाऊन मग रात्री घरी निघालेल्याला ते लागू होईलच असं नाही. रोजच्या वाटेवरच्या माणसाला होतं. त्या कुटुंबाला हे ऐकायला २२ वर्षं लागली, हेही विसरू नये.

पहिला दिवस

आमच्या मते सगळा खेळ पहिल्या चोवीस तासांत ठरतो, आणि आपली माणसं नेमकी तेव्हाच गडबडलेली असतात. रक्त वाहतंय, कुणीतरी रुमाल बांधलाय, शेठने गाडी काढलीय. दवाखान्यात केस पेपर कोण लिहून देतो? शेठचा माणूस. तो काय सांगतो? "घरी गेटमध्ये बोट सापडलं." पोलिसांची भानगड नको, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. दोन महिन्यांनी तोच केस पेपर न्यायालयात समोर येतो, आणि मग आई कितीही शपथा घेवो.

म्हणून घरातलं एक माणूस, शिकलेलं असेल तर उत्तमच, दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं काम हे करावं, की डॉक्टरांना स्वतः सांगावं, अपघात कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर झाला. "एमएलसी नोंद करा" असं म्हणावं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची नोंद. ती झाली म्हणून लगेच कुणाला अटक होत नाही, आणि पोलीस केस व नुकसानभरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. शेठवर राग नसला तरी नोंद करावी. शेठ चांगला असेल तर त्यालाही ती अडचणीची नाही.

फोटो काढून ठेवा. मशीनचा, हाताचा, हजेरीच्या वहीच्या पानाचा, कामाच्या कपड्यांचासुद्धा. त्या वेळी बाजूला कोण होतं त्यांची नावं लिहून घ्या. आज ते सगळे बोलतात. महिन्याभराने त्यांनाही नोकरी सांभाळायची असते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि मालकाला लेखी कळवा. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा आणि जखम लिहून ते रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. मालकाला आधीच माहीत असेल तर नोटीस नाही म्हणून दावा अडत नाही, पण पावती हातात असलेली बरी. मराठी जमत नसेल तर शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाकडे जा. नाही म्हणणारा आम्हाला तरी माहीत नाही.

पगार रोखीने मिळतो, नेमणुकीचं पत्र नाही, मग कामगार असल्याचा पुरावा काय? आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मालकाने दोनदा पगाराचे पैसे मोबाईलवर पाठवले होते, ते कामी आले. मुकादमाचे "उद्या सकाळी सातला ये" असे व्हॉट्सअॅप निरोप होते, तेही. गेट पास, ओव्हरटाइमची चिठ्ठी, कामाच्या जागेवर काढलेला एखादा जुना फोटो, शेजारच्या चहावाल्याची साक्ष, काहीही फेकू नका. फोन बदलला तर जुने निरोप आधी उतरवून घ्या.

ईएसआय आहे की नाही, ते पाहा

इथे वाट दोन ठिकाणी फुटते. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत म्हणजे ईएसआयमध्ये असायला हवं. पगारातून पाऊण टक्का कापला जातो. १४,००० वर १०५ रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. ईएसआय लागू असेल तर पैसे मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळतात, आणि ते बऱ्याचदा जास्त चांगलं असतं. उपचार, बरं होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या टक्केवारीप्रमाणे जन्मभर दरमहा रक्कम. मृत्यू झाल्यास बेवा पत्नीला आणि मुलांना दरमहा पेन्शन, मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. कामावर झालेल्या अपघातासाठी किती दिवस वर्गणी भरली, ही अट नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे. ईएसआयमधून अपघाताची भरपाई मिळत असेल तर मालकाकडे तीच भरपाई पुन्हा मागता येत नाही. आणि हा भत्ता चालू असताना मालक नोकरीवरून काढू शकत नाही.

पगारातून कापले पण भरलेच नाहीत, असे मालक कमी नाहीत. घाबरू नका. मालकाने वर्गणी भरली नाही, ही त्याची आणि महामंडळाची आपसातली वसुली आहे, त्यात कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रकमेचं गणित

ईएसआय नसेल तर मालकाने द्यायची. किती? इथे आम्ही गणिताच्या तासासारखं फळ्यावर लिहूनच सांगतो.

कायद्यात वयाप्रमाणे एक गुणांक दिलेला आहे. वय २२ असेल तर २२१.३७, वय ३० असेल तर २०७.९८, वय ४० असेल तर १८४.१७. वय वाढतं तसा तो कमी होतो. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले हा गुणांक. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणांक. काही अवयव किंवा काही ताकद गेली असेल, तर पूर्ण निकामीच्या रकमेचा तेवढा टक्का. त्या टक्क्यांची यादी कायद्यातच आहे. एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०, अंगठा ३०, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा काढावा लागला तर ४०.

आता आपल्या मुलाचं पाहू. १४,००० चे ६० टक्के म्हणजे ८,४००. गुणिले २२१.३७, झाले १८,५९,५०८. त्याचे २० टक्के, ३,७१,९०२ रुपये. स्टॅम्प पेपरवर लिहिले होते ४०,०००.

आम्ही हे गणित त्या माऊलीसमोर कागदावर मांडलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "तीन लाख? शून्य जास्त तर नाही ना पडला?"

ही रक्कम अपघातानंतर देय होते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. या उदाहरणात वर्षाला साधारण ४४,६०० रुपये. उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लावता येतो. दवाखान्याचा खर्च याच्या वेगळा आहे. कामावरच्या जखमेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो, आणि तो भरपाईत धरता येत नाही. "मी ऐंशी हजार ऑपरेशनला घातले, ते यातून वळते कर" असं शेठ म्हणाला, तर कायद्यात ते बसत नाही.

पगाराची एक मर्यादा मात्र आहे. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरायचे असं ठरलं. पगार १८,००० असला तरी गणित १५,००० वर. तरीही ३० वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची रक्कम ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. आपल्या भागात अशा घरात पन्नास हजार आणि सहा महिन्यांचा किराणा देऊन विषय मिटवलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. लोक शेठला दुवा देत होते.

जखम भरून येणारी असेल, हाड मोडलं, भाजलं, तर बरं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी पगाराच्या २५ टक्के. १४,००० वर ते ३,५०० होतात. महिन्याभरात बरा होणाऱ्याला पहिले तीन दिवस मिळत नाहीत. २८ किंवा जास्त दिवस लागले तर पहिल्या दिवसापासून मिळतात.

यादीतला टक्का हाही शेवटचा शब्द नसतो. १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वकील आजही सांगतात. ओडिशात सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना एक सुतार पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. यादीप्रमाणे ते पूर्ण निकामी होणं नव्हतं. न्यायालयाने म्हटलं की, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली. आपल्याकडे जरीकाम करणारे, कटिंग मास्टर, वेल्डर, गॅरेजवाले कितीतरी आहेत. अंगठा किंवा बोटं गेल्यावर त्यांच्या हुनराचं काय झालं, हे डॉक्टरांच्या दाखल्यात यायला हवं. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा टक्का आणि कमाईची ताकद गेल्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दाखला घेतानाच डॉक्टरांना आपलं काम काय होतं ते सांगा. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडे तपासायला बोलावलं तर नकार देऊ नका, नकाराने दावा अडकतो. फक्त आपल्या डॉक्टरचा कागद आधी हातात असू द्या.

घरातला कमावता गेला तर

मृत्यू झाला तर मालकाने पैसे कुणाच्या हातात द्यायचेच नसतात. ते आयुक्तांकडे जमा करायचे. अंत्यविधीसाठी आणि तातडीच्या गरजेसाठी तीन महिन्यांच्या पगाराइतका आगाऊ हात देता येतो, बाकी थेट दिलेली रक्कम कायदा भरपाई मानत नाही. यामागे कारण आहे. मय्यत घरात असताना, कफन-दफनाच्या गर्दीत, बेवा बाईच्या हातात काय पडलं आणि दिराच्या हातात काय, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणखी एक बाब आपल्या घरांत वादाची होते. ही रक्कम मरहूमचा तरका नाही. ती त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तिची वाटणी विरासतीच्या हिश्श्यांप्रमाणे होत नाही. कुणाला किती, हे आयुक्त गरज पाहून ठरवतात. पत्नी, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांना आपण अवलंबून होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वडील, लहान भाऊ यांना ते दाखवावं लागतं. मुलांचा हिस्सा बहुधा बँकेत ठेव म्हणून ठेवला जातो. थोरले काका "पैसे माझ्याकडे द्या, मी बघतो" म्हणाले, तर नम्रपणे सांगावं की, आयुक्तच बघताहेत.

ड्रायव्हर-क्लीनरच्या घरांसाठी एक सूचना. रस्त्यावर वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाईचा आयुक्त, यांपैकी एकाच दारात जाता येतं. कुठलं निवडायचं हे वकिलाला आकडे मांडून विचारल्याशिवाय ठरवू नका.

बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसत असतील, तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख. बोटांना तिथे काही मिळत नाही. हे पैसे मालकाच्या देण्यातून वजा होत नाहीत, म्हणून पासबुक एकदा उघडून पाहा.

शेठ आपलाच असतो तेव्हा

सगळ्यात अवघड भाग हाच. मालक परका नसतो. शेजारच्या गल्लीत राहतो, जुम्याला त्याच सफमध्ये उभा असतो, लग्नात त्याने मदत केलेली असते. त्याच्यावर दावा म्हणजे एहसान फरामोशी, असं घरातली मोठी माणसंच म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. त्याने गाडीतून नेलं, रात्रभर दवाखान्यात बसला, ते त्याचं चांगुलपण. त्याचे आभार मानावेत. भरपाई ही मजुरीसारखी आहे. ती खैरात नाही, आणि ती मागणं म्हणजे भांडण नाही. आणि छोट्या मालकांनाही सांगायचंय. कामगारांच्या भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तो काढलेला असेल तर भरपाई आणि व्याज कंपनी भरते; दंड मात्र स्वतःच्या खिशातून जातो. वर्षाचा हप्ता वाचवून एका अपघातात वर्कशॉप विकायची वेळ आलेले मालकही आम्ही पाहिलेत. तेही आपलेच होते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. भरपाईच्या टक्केवारीवर काम करणारे दलाल न्यायालयाच्या आवारात भेटतात, त्यांना कोरी सही देऊ नका.

आमच्या विद्यार्थ्याने त्या कागदावर सही केली नाही. शेठ आठवडाभर बोलला नाही, मग त्याचा मुलगा येऊन साठ हजार म्हणाला, मग एक लाख. ईद साधीच झाली. शेवटी आयुक्तांपुढे अर्ज दाखल झाला आणि आता तारखा सुरू आहेत. अर्जावर त्याने डाव्या हाताने सही केली, सहा ओळींच्या वहीत महिनाभर गिरवून. ती बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही, म्हणून बँकेत जाऊन सहीचा नमुना बदलावा लागला. त्यासाठी आधार कार्ड, पासबुक आणि दोन फेऱ्या लागल्या. रक्कम खात्यातच येते, तेव्हा उजवा हात गेलेल्यांनी हे काम आधी उरकून ठेवावं.